डाव्या हाताकडे कान: पियानो वॉल्ट्झच्या रेकॉर्डिंगची लय, पट्टी आणि भाव कसे ओळखायचे

एका पियानो वॉल्ट्झच्या (तीन ठोक्यांच्या नाचाच्या लयीतल्या रचनेच्या) रेकॉर्डिंगपुढे मी एकदा ‘टेंपो ९६’, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके, असं लिहून मोकळा झालो होतो. ॲपने सांगितलं, मी उतरवलं. पुढे कुणीतरी त्या नोंदीवर विसंबून मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टकटक करणारं यंत्र) ९६ वर लावला आणि रेकॉर्डिंगसोबत वाजवायला बसलं, तर दोघांची गाठच पडेना. खरा वेग १४४ निघाला. तीन ठोक्यांच्या बारमध्ये (बार म्हणजे लयीचं एक आवर्तन) ॲपने दोनच ठोके मोजले होते. बार न् बार बरोबर पकडलेला, त्यातला वॉल्ट्झ तेवढा गायब.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कान, मग यंत्र. आणि कान लावायचा तो डाव्या हाताला. उजव्या हातातली चाल मोहक असते, पण ती लपंडाव खेळते. उशिरा येते, मधेच घाई करते, गिरक्या घेत कुठेतरी भरकटते. डावा हात लय सांगतो, पट्टी (रचना कोणत्या ‘सा’वर आणि कोणत्या स्वरांत आहे ते) सांगतो, आणि तो उजव्या हाताशी कसा वागतो यावरून भावही बराचसा कळतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच आधाराने मांडल्या आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः एकच रचना घेतली आहे: संगीतकार शोपँचा सी शार्प मायनरमधला (काळी एक हा सा, गंधार कोमल) वॉल्ट्झ, ओपस ६४ क्रमांक २ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापील रचनांना दिलेला क्रमांक), प्रकाशन १८४७. या रचनेत लयीला तीन चेहरे आहेत आणि पट्टी मधेच रंग बदलते. ही एक नीट सोडवली की बाकीच्या बऱ्याच सोप्या वाटतात.

आधी थोडी तयारी

हेडफोन हवेतच. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहेत. त्याशिवाय एखादा कीबोर्ड (फोनवरचा चालेल), स्टॉपवॉच आणि ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर.

रेकॉर्डिंगचं पूर्ण नाव लिहून घ्या: संगीतकार, ओपस, त्यातला क्रमांक, वादक, वर्ष. नुसता ओपस पुरत नाही. ओपस ६४ मध्येच तीन वॉल्ट्झ आहेत, पहिला डी फ्लॅट मेजरमध्ये, दुसरा सी शार्प मायनरमध्ये, तिसरा ए फ्लॅट मेजरमध्ये. क्रमांक गाळला की पट्टीचा घोळ तिथूनच सुरू होतो. आणि नाव कळलं म्हणून पट्टी न ऐकता लिहून टाकू नका. छापील पट्टी आणि रेकॉर्डिंगमधून प्रत्यक्ष ऐकू येणारी पट्टी नेहमी जुळतेच असं नाही. का, ते पुढे येईल.

पायरी १: ‘एक’ कुठे पडतो ते शोधा

वॉल्ट्झ म्हणजे ३/४, एका बारमध्ये तीन ठोके. डाव्या हाताचा नेहमीचा साचा असा: पहिल्या ठोक्यावर खालचा एकटा स्वर, दुसऱ्या-तिसऱ्यावर त्याच्याहून उंच दोन कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर). धूम-चक-चक. यातल्या फक्त ‘धूम’वर पाय आपटा, बाकी दोन ठोके पायाने दाखवूच नका. दहा-बारा बार असं केल्यावर पाय आणि खालचा स्वर एकत्र पडत राहिले तर ‘एक’ सापडला. तबल्याच्या साथीत सम जशी अंगात भिनते तशीच ही गोष्ट आहे. एकदा सापडली की चाल कितीही वाकडी गेली तरी सुटत नाही.

सुरुवातीचे काही बार मोजायला घेऊ नका. बरेच वॉल्ट्झ प्रस्तावनेने सुरू होतात आणि तिथे डावा हात गप्प असू शकतो. ओपस ६४ क्रमांक १ मध्ये उजवा हात एकटाच चार बार गरगर फिरतो, त्यानंतर साथ येते. साथ सुरू झाल्यावरच पाय हलवा.

दोन अपवाद माहीत असू द्या. ओपस ३४ क्रमांक २, ए मायनर, याची सुरुवात नेमकी उलटी आहे: चाल डाव्या हातात, खालच्या सप्तकात, आणि वरचे कॉर्ड उजव्या हातात. तिथे ‘चक-चक’ शोधा आणि त्याच्या आधीची जागा ‘एक’ माना. दुसरा अपवाद ओपस ४२. त्यात उजव्या हाताची चाल दोन-दोनच्या वजनाने चालते आणि खाली डावा हात तीन मोजत असतो. चालीच्या मागे लागलात तर हा वॉल्ट्झ नाहीच असं वाटेल. खाली कान द्या, लगेच सुटतं.

शिवाय ३/४ मधली प्रत्येक रचना वॉल्ट्झ नसते. संगीतकार सातीच्या १८८८ च्या पहिल्या ‘जिम्नोपेदी’ या पियानोरचनेतही तीनच ठोके आहेत, खाली स्वर आणि वर कॉर्डही आहे, पण ती इतकी संथ आणि स्थिर आहे की तिच्यावर गिरकी घेता येणार नाही. अशा रचनेपुढे मी ‘संथ ३/४’ एवढंच लिहितो.

पायरी २: मोजणी

वॉल्ट्झमधली वाक्यं बहुधा ८ किंवा १६ बारांची असतात, म्हणून १६ बार मोजणं सोयीचं. पहिल्या ‘धूम’ला स्टॉपवॉच सुरू करा आणि तोंडाने ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नव्हे. पुढच्या धूमला ‘एक’, त्यापुढच्याला ‘दोन’, आणि ‘सोळा’ म्हणताच थांबवा. शून्यापासून सुरू न केल्यास एक बार कमी मोजला जातो आणि उत्तर सहा-सात टक्क्यांनी चुकतं. ही चूक मी इतक्यांदा केली आहे की आता ‘शून्य’ मोठ्याने म्हणतो.

आता हिशेब. १६ बार म्हणजे ४८ ठोके. ४८ ला लागलेल्या सेकंदांनी भागा आणि ६० ने गुणा. वीस सेकंद लागले असतील तर ४८ भागिले २० गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला १४४ ठोके. बार हवे असतील तर तिनाने भागा: मिनिटाला ४८ बार.

दोन्ही आकडे लिहा, कारण वॉल्ट्झची लय सांगायच्या दोन पद्धती चालतात. वादक बहुधा ठोके सांगतात, नाचणारे बार सांगतात. बॉलरूम स्पर्धांत संथ वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बारांचा आणि व्हिएनीज वॉल्ट्झ ५८ ते ६० बारांचा असतो. ठोक्यांत सांगायचं तर पहिला ८४ ते ९०, दुसरा १७४ ते १८०. नुसतं ‘६०’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ते ठोके वाटतील आणि त्याच्या मनात एखादी अंगाई सुरू होईल.

उत्तर पटण्यासारखं आहे का, हे तपासायला एक झटपट उपाय आहे: एकूण बार गुणिले तीन, भागिले रेकॉर्डिंगची मिनिटं. ओपस ६४ क्रमांक १ चं ‘मिनिट वॉल्ट्झ’ हे टोपणनाव ऐकून अनेकांना तो एका मिनिटात संपायला हवा असं वाटतं. पुनरावृत्ती धरून त्यात साधारण १४० बार आहेत, म्हणजे ४२० ठोके. एका मिनिटात संपवायचा तर सेकंदाला सात ठोके पडले पाहिजेत. पावणेदोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी २४० येते आणि तीही चांगलीच धावपळ आहे. नावातला ‘मिनिट’ हा छोटेपणाचा आहे, घड्याळाचा नाही.

पायरी ३: लय ताणली जाते तेव्हा

इथे जरा वेळ द्या, कारण वॉल्ट्झच्या बहुतेक चुकीच्या नोंदी इथेच जन्मतात. वादक वाक्याच्या शेवटी थबकतो, चढत्या जागी पुढे सरतो, एखाद्या स्वरावर रेंगाळतो. याला रुबातो म्हणतात. स्टॉपवॉचने काढलेल्या सरासरीत हे सगळं रेंगाळणं मिसळलेलं असतं, म्हणून ती सरासरी जवळजवळ नेहमीच वाटते त्यापेक्षा कमी निघते.

उपाय असा: ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग चालू असताना प्रत्येक ‘धूम’ला कंट्रोल आणि एम दाबा (मॅकवर कमांड आणि पूर्णविराम). प्रत्येक वेळी तिथे एक लेबल पडतं. शेवटी लेबलं मजकुराच्या फाइलमध्ये काढा आणि लागोपाठच्या दोन वेळांतला फरक काढत जा. प्रत्येक फरक म्हणजे एका बारची लांबी.

समजा पाच बारांच्या लांब्या अशा आल्या: १.३८, १.४१, १.३६, १.९५ आणि १.४० सेकंद. चौथ्या बारला वादक थबकला आहे. सरासरी १.५० येते आणि वेग १२०. पण लांब्या चढत्या क्रमाने लावून मधली घेतली तर ती १.४०, आणि वेग सुमारे १२९. मेट्रोनोम लावून सोबत वाजवाल तेव्हा १२९ जुळेल. १२० वर एकही बार जुळणार नाही, कारण १२० ने एकही बार वाजवलेला नाही. म्हणून सरासरीऐवजी मधली किंमत घ्या आणि तिच्याबरोबर सर्वांत छोटा व सर्वांत लांब बारही नोंदवा. ताण किती आहे ते त्या तीन आकड्यांतून दिसतं.

बटण दाबताना बोट चुकतं, हे गृहीत धरा. दोनदा करा. दोन्ही वेळच्या मधल्या किमतींत फार फरक पडला तर तिसऱ्यांदा करा आणि मधेच उठून चहा घेऊ नका, त्याने हात बदलतो. (हा शास्त्रीय नियम नाही, माझा अनुभव आहे.)

पायरी ४: एका रचनेत तीन वेग

आता सी शार्प मायनरकडे वळू. ही रचना ३२-३२ बारांच्या सहा भागांत बसते. पहिला भाग ‘टेंपो जुस्तो’, म्हणजे योग्य, नेमक्या लयीत. दुसरा ‘प्यू मोसो’, अधिक चपळ, उजव्या हातात अखंड धावणारे स्वर. तिसरा ‘प्यू लेंतो’, अधिक संथ. मग पुन्हा दुसरा, पुन्हा पहिला आणि शेवटी परत दुसरा.

समजा एका रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या भागाचे १६ बार २२.५ सेकंदांत, दुसऱ्याचे १४.४ सेकंदांत आणि तिसऱ्याचे २८.८ सेकंदांत झाले. हिशेब केला की वेग अनुक्रमे १२८, २०० आणि १०० येतात. हेच वेग कायम ठेवून सगळी रचना वाजवली तर ती २३४ सेकंदांत संपते आणि १९२ बारांचे ५७६ ठोके होतात. एकूण सरासरी सुमारे १४८. हा आकडा कुठल्याच भागाचा नाही. पहिला भाग ऐकणाऱ्याला तो जास्त वाटेल, दुसरा ऐकणाऱ्याला कमी.

म्हणून वेग भागागणिक मोजायचा. भाग कुठे बदलतो ते डावा हातच सांगतो: त्याच्या उडीची तऱ्हा बदलते, वजन बदलतं. नसेल लक्षात येत तर उजव्या हातातले स्वर अचानक दाट किंवा विरळ कुठे होतात ते पाहा. एक धोका लक्षात ठेवा. स्वर दाट झाले म्हणजे लय वाढली असं नाही. ठोके तेच राहून प्रत्येक ठोक्यात दुप्पट स्वर बसवलेले असू शकतात. पाय ‘धूम’वरच ठेवा. पायाचा वेग वाढला तरच लय वाढली.

पायरी ५: आता यंत्राला विचारा

तुमचा आकडा हाताशी आल्यावर सॉफ्टवेअरचा आकडा बघा. ते चुकतं तेव्हा ठरावीक पद्धतीनेच चुकतं. खरा वेग १४४ असेल तर यंत्राकडून ४८ (फक्त बार मोजले), ७२ (निम्मे), ९६ (तिनाऐवजी दोन) किंवा २८८ (दुप्पट) येऊ शकतात. तुमच्या आकड्याला यंत्राच्या आकड्याने भागा. उत्तर ३, २, दीड किंवा अर्धा यांच्या जवळ आलं तर दोघांनी एकच गोष्ट वेगळ्या मापाने मोजली आहे.

असं का होतं? पियानोत ढोल नसतो. ठोका ठळक करणारा आवाज नसल्यावर यंत्र स्वरांच्या सुरुवाती धरून अंदाज बांधतं आणि त्या अंदाजाचा कल ओळखीच्या वेगांकडे असतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या ‘लिब्रोसा’ या साधनात तर ठोके शोधताना मूळ गृहीतच १२० असतं. वॉल्ट्झसाठी ते स्वतः बदलून, तुमच्या मोजलेल्या आकड्याजवळ ठेवावं. सॉनिक व्हिज्युअलायझर हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर त्याहून हाताळायला सोपं आहे, आणि यंत्राने टाकलेल्या ठोक्यांच्या रेघा त्यात ध्वनीवर डोळ्यांनी बघता येतात.

पायरी ६: ‘सा’ शोधा

पट्टी ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे गुणगुणणं. संगीत जिथे विसावतं, जिथे थांबलं तरी अर्धवट वाटत नाही, तो स्वर ‘आ’कारात धरा आणि कीबोर्डवर शोधा. तोच सा. विसावा शोधायच्या जागा दोन: रचनेचा अगदी शेवटचा बार आणि १६ बारांच्या वाक्याचा शेवट. दोन्ही ठिकाणी डाव्या हाताचा सर्वांत खालचा स्वर ऐका. शेवटच्या आधीच्या बारला तो बहुधा पंचमावर असतो आणि मग सा वर उतरतो. प–सा ही उडी एकदा कानात बसली की पट्टी शोधायला अर्धं मिनिटही लागत नाही.

पहिल्या स्वरावर विश्वास ठेवू नका. ओपस १८ ची सुरुवात बी फ्लॅटच्या लागोपाठ ठोक्यांनी होते, जणू कुणी आरोळी देऊन सगळ्यांना गोळा करतंय. ऐकणाऱ्याला वाटतं, बी फ्लॅट हाच सा. प्रत्यक्षात रचना ई फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि तो बी फ्लॅट तिचा पंचम आहे.

कानाची खात्री नसेल तर ऑडॅसिटीत शेवटचा कॉर्ड निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा. सी शार्प असेल तर ६९, १३९, २७७ हर्ट्झच्या आसपास शिखरं दिसतील. सर्वांत उंच शिखर म्हणजे सा असं मात्र धरू नका. पियानोच्या खालच्या तारांत मूळ स्वरापेक्षा त्याचे उपस्वर (त्याच्यासोबत आपोआप वाजणारे वरचे स्वर) जोरकस असतात.

पायरी ७: मेजर की मायनर, आणि फसवे शेजारी

सा सापडला की गंधार तपासा. सा पासून कीबोर्डवर (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून) चार पट्ट्या वर, शुद्ध गंधार, जुळतो की तीन पट्ट्या वर, कोमल? रेकॉर्डिंग चालू ठेवून दोन्ही दाबून पाहा. चुकीचा लगेच दातात खडा आल्यासारखा टोचतो. शुद्ध बसला तर मेजर, कोमल बसला तर मायनर.

यंत्रं इथे दोन प्रकारे फसतात. पहिली फसगत जुळ्या पट्टीची. सी शार्प मायनर आणि ई मेजर या दोन्हींत मूळ सात स्वर तेच. सॉफ्टवेअर बहुधा कोणता स्वर किती वाजला याचा हिशेब करतं आणि त्या हिशेबात दोघी सारख्याच दिसतात. फरक कळतो तो निषादात. सी शार्प मायनरमध्ये विसाव्याकडे जाताना शुद्ध निषाद येतो. कीबोर्डवर तो पांढरी एक, म्हणजे सी ची पट्टी (कागदावर बी शार्प). ई मेजरमध्ये या स्वराचं काही काम नसतं. ती पांढरी पट्टी वारंवार वाजत असेल आणि डावा हात काळी एकवर विसावत असेल, तर वाद संपला.

दुसरी फसगत आमच्या उदाहरणातच आहे. संथ तिसरा भाग डी फ्लॅट मेजरमध्ये आहे. डी फ्लॅट आणि सी शार्प ही कीबोर्डवर एकच काळी पट्टी. म्हणजे सा जागचा हललाच नाही, गंधार तेवढा कोमलचा शुद्ध झाला. शोपँने त्याला सी शार्प मेजर म्हटलं नाही कारण मग सात शार्प (स्वर चढवण्याच्या खुणा) लिहावे लागले असते. डी फ्लॅटमध्ये पाच फ्लॅटवर (स्वर उतरवण्याच्या खुणांवर) भागतं. यंत्र या भागाला बिनदिक्कत ‘सी शार्प मेजर’ म्हणेल. ऐकायला चूक नाही, पण नोंदीत स्वरलिपीतलं नाव द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. डीजे मंडळींच्या, पट्ट्यांना क्रमांक देणाऱ्या कॅमेलॉट चक्रात तर सी शार्प मायनर आणि डी फ्लॅट मेजर या दोघी १२ए आणि ३बी अशा एकमेकींपासून लांब बसतात. ते चक्र सामायिक स्वर मोजतं, सा नव्हे. वॉल्ट्झसाठी मी ते वापरत नाही.

ओपस ६९ क्रमांक २ मध्येही हीच युक्ती आहे: बी मायनरच्या मधोमध बी मेजरचा भाग. पट्टी एका शब्दात लिहायची वेळ आली तर जिथे सुरुवात आणि शेवट होतो ती लिहा, मधली कंसात.

पायरी ८: रेकॉर्डिंगचा वेगच चुकीचा असेल तर

कीबोर्ड लावला आणि रेकॉर्डिंग दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी वाजतंय असं वाटलं, तर तीन शक्यता आहेत.

पहिली, पियानोच वेगळा लावलेला आहे. आजचं प्रमाण मध्य सप्तकातल्या ‘ए’साठी ४४० हर्ट्झ. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवलं होतं आणि शोपँच्या काळातल्या पियानोंवर केलेली रेकॉर्डिंग अनेकदा ४३० च्या आसपास असतात. ४३५ म्हणजे अर्ध्या स्वराचा (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा) साधारण पाचवा हिस्सा खाली. पट्टी त्याने बदलत नाही. तपासताना मधल्या सप्तकाचाच स्वर घ्या, कारण पियानो लावताना खालचे स्वर किंचित खाली आणि वरचे किंचित वर ओढलेले असतात.

दुसरी, रेकॉर्ड चुकीच्या वेगाने उतरवली गेली. ७८ च्या जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ वर रेकॉर्ड झालेल्या नसत. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी एक अर्धस्वर वर जाते, आणि लयही तेवढीच वाढते. समजा ओपस ६९ क्रमांक २ तुम्हाला सी मायनरमध्ये ऐकू आला आणि वेग १५० निघाला. छापील पट्टी बी मायनर, म्हणजे रेकॉर्डिंग एक अर्धस्वर वर आहे. १५० ला १.०५९५ ने भागा: वादकाचा खरा वेग १४२ च्या आसपास. पट्टी तपासल्याशिवाय लय अंतिम करू नये ती याचसाठी. मैफलींच्या जुन्या चित्रफितींतही हे घडतं. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ ने चालवली की वेग चार टक्के वाढतो आणि सगळं जवळपास पाऊण अर्धस्वर वर सरकतं.

तिसरी शक्यता, रचना खरोखरच दुसऱ्या पट्टीत आहे. संगीतकार ब्राम्सच्या ओपस ३९ मधला पंधरावा वॉल्ट्झ ए फ्लॅट मेजरमध्ये मिळतो तसा ए मेजरमध्येही, आणि दोन्ही आवृत्त्या ब्राम्सच्याच. इथे अर्ध्या स्वराचा फरक ऐकून तबकडीला दोष देऊ नका.

पायरी ९: भाव

भाव मोजता येत नाही म्हणून ‘रोमँटिक’ लिहून सुटका करून घेणारे पुष्कळ. वॉल्ट्झपुढे ‘रोमँटिक’ म्हणजे पावसापुढे ‘ओला’.

मी आधी दोन रेघा आखतो. एक ऊर्जेची, शांत ते उसळती. दुसरी रंगाची, खिन्न ते प्रसन्न. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी अशाच दोन अक्षांवर केली होती. प्रत्येक भाग या दोन रेघांवर कुठे बसतो ते ठरवा, शब्द त्यानंतर.

‘मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी’ हे सूत्र इथेच बाजूला ठेवा. ओपस ६९ क्रमांक १ ए फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि निरोपाच्या क्षणासारखा हळवा आहे. उलट शोपँच्या निधनानंतर छापलेला ई मायनर वॉल्ट्झ मायनर असून झपाट्याने उसळतो. सॉफ्टवेअरचे ‘आनंदी ० ते १’ असले आकडे अशा रचनांत हमखास घसरतात.

मग बघायचं काय? पुन्हा डावा हात. दुसरा ठोका किंचित आधी आणि हलका पडत असेल तर उडी येते, व्हिएन्नाच्या वळणाची, ऐटदार. तिन्ही ठोके सारख्या वजनाचे असतील तर पाय जड होतात. पेडल लांब दाबून खालचा स्वर रेंगाळू दिला तर धुकं पसरतं. तोच कोरडा तोडला तर खट्याळपणा येतो. सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे दोन हातांमधलं अंतर. डावा हात ठाम चालतोय आणि उजवा मागे रेंगाळतोय, तर ओढ. दोन्ही हात एकत्र थबकतात, तर संकोच. शोपँ शिकवताना डाव्या हाताला वाद्यवृंदाच्या संचालकासारखा ठाम ठेवायला सांगत असे, असं त्याचे शिष्य सांगत. सगळे वादक ते पाळत नाहीत, आणि एकाच रचनेच्या दोन रेकॉर्डिंगचे भाव वेगळे निघतात ते मोठ्या प्रमाणावर यामुळेच.

शब्द निवडताना मराठीची तिजोरी उघडा. हुरहुर, रुखरुख, घालमेल, लाडिक, खट्याळ, ऐट, लगबग, निवांत, गहिवर. ‘सॅड’मध्ये हुरहुर आणि रुखरुख एकत्र कोंबल्या जातात, आणि त्या दोन्ही एक नव्हेत. सी शार्प मायनरच्या पहिल्या भागाला मला ‘हुरहुर’हून नेमका शब्द सापडलेला नाही. दुसरा भाग घालमेल. तिसरा निवांत, पण पुरता प्रसन्न नाही. सा तोच राहिल्यामुळे असेल कदाचित, जुनी आठवण पडद्यामागे उभी असते.

ऐकण्याआधी रेकॉर्डिंगची गोष्ट वाचू नका, हे कटाक्षाने पाळा. दिनू लिपाती या पियानोवादकाने १६ सप्टेंबर १९५० रोजी बेझाँसोंला आपली शेवटची मैफल केली. गंभीर आजारात त्याने शोपँच्या १४ वॉल्ट्झपैकी १३ वाजवले, शेवटचा वाजवण्याचं बळ उरलं नव्हतं. त्याच डिसेंबरात, तेहतिसाव्या वर्षी तो गेला. हे कळल्यावर त्या रेकॉर्डिंगमधला प्रत्येक प्रसन्न बारही करुण वाटू लागतो. भावाची नोंद आधी करा, गोष्ट मागाहून वाचा. तबकडीची खरखरही अशीच फसवते. जुनेपणाचा आवाज ऐकून आपण ‘स्मृतिकातर’ लिहितो, आणि वादक बिचारा मजेत असतो.

पायरी १०: नोंद

वर ज्या वेगांचं उदाहरण घेतलं, त्याच रेकॉर्डिंगची माझी नोंद अशी दिसेल:

शोपँ, वॉल्ट्झ, ओपस ६४ क्रमांक २. ३/४. पट्टी सी शार्प मायनर (मधला संथ भाग डी फ्लॅट मेजर), ए = ४४०, वेगात बिघाड नाही. लय: पहिला भाग १२८ ठोके, ४३ बार, दुसरा २००, ६७ बार, तिसरा १००, ३३ बार, रुबातो भरपूर, वाक्याच्या शेवटी जास्त. भाव: हुरहुर, मग घालमेल, मग निवांत, आठवणीत हरवलेला, शेवट हळू आवाजात विरणारा.

काही ठिकाणी टेंपोसाठी एकच रकाना असतो आणि त्यात एकच आकडा मावतो. तिथे मी पहिल्या भागाचा १२८ लिहितो. १४८ नाही. रेकॉर्डिंग लावणाऱ्याच्या कानावर आधी तोच भाग पडणार असतो.